राहण्याजोगा डोंगा

माझ्या नवऱ्याला निवृत्त झाल्यावर डोंग्यात राहायचं होतं. हवा खायला नाही, मासे धरायला नाही, राहायला. पलंग, गॅस, भांडी आणि मी, असं सगळं सामान घेऊन.

हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी क्वार्टरच्या मागच्या अंगणात लाखोळीच्या डाळीच्या वड्या घालत होते. आम्ही जवाहरनगरला राहायचो. नवरा फॅक्टरीत फिटर. भोंगा झाला की उठायचा, भोंगा झाला की जेवायचा, आणि रविवारी भोंगा नसला की हे माणूस घरभर हरवल्यासारखं फिरायचं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. निवृत्ती झाली की क्वार्टर सोडायचं, हे सगळ्यांनाच लागू होतं. त्यानंतर कुठे राहायचं, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. भंडाऱ्याच्या बाहेर एका लेआउटमध्ये मी कोपऱ्यातला प्लॉट बघून ठेवला होता. ऑटो करून जाऊन त्यावर उभीही राहून आले होते. तिथे दोन खोल्या बांधायच्या, आपला उंबरठा घालायचा आणि मरेपर्यंत कुणी "खाली करा" म्हणणार नाही अशा जागी बसायचं, एवढीच माझी मागणी होती.

"डोंग्यात?" मी म्हटलं.

"हाव."

"कायले?"

"राहाले."

मग त्याने मोबाईल दाखवला. विलायतेत कालवे आहेत आणि त्या कालव्यांत लोक बारा महिने होड्यांत राहतात. होडी आगगाडीच्या डब्यासारखी लांब, आणि अरुंद इतकी की आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं. आत शेगडी, पलंग, फडताळ, छपरावर कुंड्या. एक म्हातारा टोपी घालून बाहेर बसला होता आणि चहाची किटली घासत होता.

"अन् याची बुढी कुठी आहे?" मी विचारलं.

"असन आत."

"तिले कोनी विचारलं का?"

नवऱ्याने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला. बुढी कुठेच नव्हती.

प्लॉट आणि डोंगा दोन्ही होणार नव्हतं. निवृत्तीचा पैसा एकदाच येतो आणि तो कुठे टाकायचा हे एकदाच ठरतं. पुण्यातल्या मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "पप्पा मजाक करून राहिले असतील." मुलगा आईवर गेला असता तर त्याला कळलं असतं की त्याचे वडील मजाक करत नाहीत. ते त्यांना येतच नाही.

मला घर का हवं होतं, ते सांगायला हवं. मी एकोडीची. माझं लग्न झालं तेव्हा सासरच्या गावाला पूल नव्हता. वैनगंगेच्या घाटावर उतरायचं आणि डोंग्याने पलीकडे जायचं. डोंगा एक, डोंगेवाला एक आणि त्याचा कायदाही एकच. गावातलं प्रत्येक घर सुगीला त्याला धान घालायचं. मग वर्षभर त्या घरचं माणूस कितीही वेळा या तीरावरून त्या तीरावर जावो, त्याला कुणी काही मागायचं नाही. बाहेरच्याने मात्र खेपेला पैसे द्यायचे. म्हणून नदीच्या मधोमध आलं की डोंगेवाला बांबू रोवून थांबायचा, नवीन तोंड दिसलं की त्याच्याकडे बघायचा आणि विचारायचा, "घरचा का पाहुना?" उत्तर मिळेपर्यंत डोंगा हलायचा नाही.

लग्नाच्या दिवशी मी पांढऱ्या साडीत, आमच्याकडे नवरीची तीच असते, त्या डोंग्यात बसले होते. काठाला घाटावरचा चिखल लागला होता आणि तो कुणाला दिसू नये म्हणून मी पाय पोटाशी घेतले होते. मधोमध डोंगा थांबला. डोंगेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "घरची का पाहुनी?"

सगळे हसले. सासऱ्यांनी खिशात हात घातला आणि म्हणाले, "आजच्या दिस पाहुनीच धर." दिले पैसे. चांगल्या मनानेच म्हणाले असतील. आनंदाचा दिवस, डोंगेवाल्यालाही काही मिळावं. नवरा शेजारी बसून पाण्याकडे बघत होता. मीही हसले. पण ते मला लागलं, आणि लागलेलंच राहिलं.

कारण पुढे तसंच होत गेलं. एकोडीला गेले की भावजय ताट पाटावर वाढायची, म्हणजे तिथे पाहुणी. सासरी जरा जीव रमतो तोच नवऱ्याला क्वार्टर मिळालं. क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायचा तरी मी आधी बाहेर बघायची, कुणी साहेब येत तर नाही ना. आणि मग धरण झालं, पाणी मागे फुगत आलं आणि सासरचं गाव पाण्याखाली गेलं. लोक उठून वरच्या अंगाला नवीन वस्तीत गेले. दीर तिथेच राहतो. तेव्हा जाण्यासारखं जे एक घर होतं, तेही राहिलं नाही.

गाव उठलं तेव्हा लोकांनी घरं स्वतःच्या हातांनी सोडवली. छपरावरचे कवेलू काढले, त्यांखालचे लाकडी फाटे काढले, दारं-खिडक्या काढल्या. दिराने कवेलू आणि फाटे नेले. नवऱ्याने फक्त पुढच्या दाराची चौकट मागितली. ती ट्रॅक्टरवर घालून जवाहरनगरला आणली आणि अंगणातल्या पेरूच्या झाडाला टेकवून ठेवली. जाड सागवान, खाली उंबरठा, वरच्या आडव्या लाकडाची दोन्ही टोकं चौकटीच्या बाहेर हातभर आलेली, आणि एका बाजूला मोजणीवाल्यांनी लाल रंगात टाकलेला घराचा नंबर. ती कशासाठी आणली हे नवऱ्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी तिच्यावर ओले टॉवेल टाकायची. भंगारवाला आला की तो दरवेळी तिच्याकडे बघायचा, मी दरवेळी नवऱ्याकडे बघायची, आणि नवरा म्हणायचा, "राहू दे."

डोंग्याला मी सरळ नाही म्हटलं नाही. माझ्या नवऱ्याला नाही म्हटलं की तो हट्टाला पेटतो आणि "पाहू" म्हटलं की हळूहळू थंड होतो, हा माझा संसारातला अनुभव आहे. मी म्हटलं, "पाहू. पन राहाचं मले आहे, तं पसंत मी करीन." तो तयार झाला. मी ठरवलं की एकही पसंत करायचा नाही.

म्हणून आम्ही सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर डोंगे बघायला जाऊ लागलो. लोक मुलासाठी मुलगी बघायला जातात तसे. तसाच चहा व्हायचा आणि "कळवतो" म्हणून उठायचं.

पहिली होडी पवनीकडे होती. पर्यटकांना फिरवायची, फायबरची, वर निळं छप्पर आणि खाली प्लास्टिकच्या खुर्च्या. मालकाला ती विकायची होती कारण पर्यटक सेल्फी घेण्यापुरते चढायचे आणि लगेच उतरायचे. मी आत जाऊन उभी राहिले. "फोडनीचा धूर कुठून जाईन?" मी विचारलं. मालक म्हणाला की चारही बाजूंनी उघडी आहे, कुठूनही जाईल. "मंग पाऊस कुठून येईन?" मालक माझ्या नवऱ्याकडे बघू लागला. पण नवऱ्याचं लक्ष नव्हतं. त्याने खिशातून सुतळीची गुंडी काढली होती. सुतळीला गाठी मारलेल्या होत्या. त्याने ती होडीला आडवी धरली, मग छपरापर्यंत उभी धरली, गुंडाळून खिशात टाकली आणि म्हणाला, "नाही जमत."

मला वाटलं, पलंगाचं माप असेल. क्वार्टरच्या दारातही अडखळणारा आमचा पलंग फार मोठा होता. मी पलंगाला मनातून धन्यवाद दिले.

दुसरी होडी म्हणजे होडी नव्हतीच. धरणाच्या पाण्यात पिंजऱ्यांत मासे पाळणाऱ्या एका ठेकेदाराने पिपांवर फळ्या टाकून, फळ्यांवर टिनाची खोली उभी केली होती, राखणदारासाठी. राखणदार पळून गेला होता. का, ते ठेकेदाराने सांगितलं नाही, पण आत पाय ठेवताच आम्हाला कळलं. मासळीचा वास टिनात मुरला होता. वर एक वेगळीच अडचण होती. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात वारा सुटला आणि खोली सावकाश फिरू लागली. दारातून मघाशी टेकडी दिसत होती, आता पाणी दिसू लागलं.

"हे घर कोनत्या दिशेचं आहे?" मी विचारलं.

"सगळ्याच," ठेकेदार म्हणाला.

नवऱ्याने पुन्हा सुतळी काढली. रुंदीत ती बसली. त्याचं तोंड जरा उजळलेलं मी पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला. मग त्याने ती उभी धरली. खोली बुटकी निघाली. "नाही जमत." मला सुटल्यासारखं झालं. उभ्या पलंगाचं माप कुणी कशाला घेईल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या वेळी आम्ही भंडाऱ्यातल्या एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. तो पाण्याचे टँकर बनवायचा. त्याचं म्हणणं अगदी सोपं होतं: टँकर आडवा ठेवायचा, वरून कापायचा, झाला डोंगा.

"गळनार नाही ना?" मी विचारलं.

"काकू, टँकरात पानी आत राहते. मंग बाहेर काहून नाही राहनार?"

मला हा माणूस आवडला. पण नवरा एव्हाना खाली वाकून त्याच्या एका तयार टँकरच्या जोडावर अंगठा फिरवत होता. जन्मभर फॅक्टरीत जोड तपासलेला माणूस. अंगठा थांबला, पुढे गेला, पुन्हा थांबला. आम्ही "कळवतो" म्हणून उठलो.

परत येताना मी मागे बसून गुणगुणत होते. चांगलं चाललं होतं. निवृत्ती जवळ येत होती, डोंगा सापडत नव्हता, आणि कोपऱ्यातला प्लॉट अजून विकला गेला नव्हता. नवऱ्याने मोबाईलवर ते कालवे बघणंही कमी केलं होतं. एक दिवस तर तोच म्हणाला, "थो प्लॉट आहे का आजून?" मी म्हटलं, "असन," आणि भात जास्त वाढला.

मग दिराचा फोन आला. जुना डोंगा अजून आहे म्हणे. आपल्या घाटावरचा.

पूल झाल्यावर तो डोंगा बंद पडला होता. डोंगेवाला वारला. त्याची बायको नवीन वस्तीच्या टोकाला, पाण्याजवळ राहत होती, आणि डोंगा तिच्या झोपडीमागे चिंचेखाली दगडांवर उपडा पडला होता. आम्ही गेलो तेव्हा त्याच्याखालून कोंबड्या बाहेर आल्या. त्यांचीही बरीच मोठी वस्ती होती.

मला तो लगेच ओळखू आला. लहान झाल्यासारखा वाटला, पण तोच. विलायती होडीसारखाच लांबच लांब आणि अरुंद. नवऱ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात लावत फेरी मारली, मग उलट फेरी मारली. खिळ्याने लाकूड टोचून पाहिलं. कुठे भुसा निघाला, कुठे नाही. "दोन फळ्या बदलाव्या लागतीन," तो म्हणाला. "बाकी लोखंड आहे लोखंड." सागवानाला लोखंड म्हणणं ही त्याच्याकडची सर्वांत मोठी स्तुती.

मी घाबरले. माझ्याकडे चार आक्षेप तयार होते: कोंबड्या, वाळवी, संडास, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं तर काय. शेवटचा मी बोलूनही दाखवला.

"पानी सरकलं तं आपनही सरकू," नवरा म्हणाला. हे उत्तर त्याने आधीच तयार ठेवलेलं होतं.

डोंगेवाल्याची बायको बाजेवर बसून हे सगळं बघत होती. बुढी आता फार वाळली होती. तिने मला ओळखलं नाही, आणि ओळखण्याचं कारणही नव्हतं. त्या डोंग्यातून कितीतरी नवऱ्या गेल्या असतील.

मग नवऱ्याने सुतळी काढली. एक गाठ एका काठावर धरली आणि दुसरं टोक ताणून पलीकडच्या काठावर नेलं. दुसरी गाठ काठाच्या बाहेर गेली. चांगली वीतभर. त्याने पुन्हा मोजलं, जरा पुढे सरकून. मग अगदी मध्ये, जिथे डोंगा सर्वांत रुंद होता तिथे. गाठ बाहेरच.

"नाही जमत," तो म्हणाला.

याआधी हेच शब्द त्याने घाईघाईने, उठता उठता म्हटले होते. या वेळी तो दगडावर बसला. सुतळी गुंडाळायची राहिली, नुसती हातात लोंबत होती. मी एवढ्या वर्षांत त्याला वरिष्ठांकडून बोलणी खाऊन येताना पाहिलं होतं, बापाला पोचवून येताना पाहिलं होतं. असा बसलेला पाहिला नव्हता.

माझं काम झालं होतं. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. मोटारसायकलवर मागे बसायचं, घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी प्लॉटवाल्याला फोन करायचा.

"पलंग कापून घेऊ ना," मी म्हटलं. कसं निघालं तोंडून, माहीत नाही. "कायले एवढं वाईट वाटून घेता?"

"पलंगाचं नाही थे."

"मंग कशाचं आहे?"

"चौकटीचं," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही, कोणती चौकट. मग पेरूचं झाड आठवलं, ओले टॉवेल आठवले.

तो जमिनीकडे बघत बोलत होता. त्याच्या डोक्यात चित्र पक्कं होतं. डोंग्याच्या पुढच्या टोकाला चौकट उभी करायची, तिच्यामागे खोली. घराला जसं पुढून दार तसं. प्लॉटवर घर बांधलं तरी ठेकेदार आता लोखंडीच चौकट सिमेंटात बसवतो; तिथे ही कुणी लावू देणार नाही. दिराच्या घराला बसली नाही. तेव्हा त्याला वाटलं, डोंग्यावरची खोली आपणच बांधू, तर चौकट बसेल असाच डोंगा घेऊ. वरच्या लाकडाची बाहेर आलेली टोकं कापली तर बसेल. "पन टोकं नाही कापत मी," तो म्हणाला. "थ्या टोकाले माय कंदील टांगे."

मला एकदम रडू आलं, आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. मी इतके महिने घर घर करत होते, आणि हा माणूस घराचं दार घेऊन त्याच्यासाठी जागा शोधत फिरत होता. सांगायचं तरी! एका मोटारसायकलवर बसून आम्ही दोघं एकच वस्तू शोधत होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो. एवढा मूर्खपणा परक्या माणसांना जमत नाही, त्याला संसार लागतो.

मी डोंग्याकडे पाहिलं. मग जुन्या गावातलं ते घर डोळ्यांसमोर आणलं. दार रस्त्याकडे. सासू त्या दारात बसून तांदूळ निवडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची.

"घराचं दार कुठी असते?" मी विचारलं.

"पुढून."

"पुढून म्हंजे रस्त्याकडून. डोंग्याले रस्ता कोनता? घाट. घाटाले डोंगा आडवा लागते का उभा?"

तो माझ्याकडे बघू लागला.

"आडवा लागते. मंग दार कुशीत ठेवा ना. लांबीत. लांबी तं पडली आहे तेवढी."

नवरा उठला. सुतळी त्याने डोंग्याच्या लांबीत धरली. दोन गाठींच्या दोन्ही अंगांना चिक्कार डोंगा उरला. तो तसाच सुतळी धरून उभा राहिला, जणू सोडली तर डोंगा पुन्हा अरुंद होईल.

"एका बाजूनं कलनार," तो शेवटी म्हणाला. "जड आहे चौकट."

"दुसऱ्या बाजूले माझं कपाट ठेवा. अन् तांदळाची कोठी." हे कपाट डोंग्यात न्यायचं नाही, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. आता त्याने मान हलवली. लग्नात आलेल्या लोखंडी कपाटाची त्या दिवशी पहिल्यांदा तांत्रिक गरज निर्माण झाली.

आतापर्यंत बाजेवर बसलेली बुढी बोलली. "मी कोनालेही नाही देत डोंगा," ती म्हणाली. "गावच्या धानावर चालला. घरच्याले देतो. बाहेरच्याले जाळाले पायजे तं लाकूड बाजारात आहे."

"मी गावचाच ना," नवरा म्हणाला आणि बापाचं नाव सांगितलं.

"तू आहेस. मले माहीत आहे." तिने हनुवटी माझ्याकडे केली. "ही? घरची का पाहुनी?"

नवऱ्याने तोंड उघडलं. मी पाण्याकडे पाहिलं. त्या पाण्याखाली कुठेतरी तो मधोमध होता, जिथे डोंगा थांबायचा. लग्नाच्या दिवशीचं सगळं त्यालाही आठवलं असावं, कारण त्याने उघडलेलं तोंड मिटलं.

"तिलेच इचारा," तो म्हणाला.

"घरची," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. कोंबड्या दचकल्या.

बुढी झोपडीत गेली आणि डोंगा ढकलायचा लांब बांबू घेऊन आली. हाताने घासून घासून त्याची साल मधोमध गुळगुळीत झाली होती. तो तिने नवऱ्याला नाही, माझ्या हातात दिला. मग म्हणाली की कोंबड्यांसाठी दुसरा खुराडा करून द्यावा लागेल, आणि टिनाचाच पाहिजे.

नवरा निवृत्त झाला, हार-नारळ झाले, क्वार्टर सोडलं. त्यापुढचे काही महिने आम्ही दिराकडे राहिलो आणि डोंग्यावर काम चाललं. फळ्या बदलल्या, डांबर लागलं, वर लाकडी खोली उभी राहिली. तहसिलातल्या बाबूंना विचारून आलो. ते म्हणाले की याला मनाई असल्याचं त्यांना माहीत नाही, कारण असं विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं. शेजाऱ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं आणि रोज संध्याकाळी बघायला येऊ लागले.

खुराडा सर्वांत आधी झाला.

डोंगा पाण्यात उतरवला त्या दिवशी चौकट कुशीत उभी होती, लाल नंबरासकट, दोन्ही टोकं शाबूत. नवऱ्याने आत फळीवर स्पिरिट लेव्हल ठेवली आणि बाहेर काठावरून मला हुकूम सोडू लागला. "कोठी जराशी इकडे. आजून. थांब. वापस." मी आत तांदळाची कोठी ढकलत होते. बुडबुडा मधोमध आला तेव्हा मला घाम फुटला होता, आणि घर सरळ झालं होतं. आजही कुणी जाड पाहुणा येणार असेल तर मी आधी कोठी सरकवते.

भिंतीवर दोन तसबिरी लावल्या, आमच्याकडे प्रत्येक घरात असतात त्या. त्यांच्यासाठी खिळा ठोकताना मी बाहेर बघितलं नाही.

मग मी दारात आले. घाटावरून डोंग्यापर्यंत फळी टाकली होती, आणि फळीवर नवरा उभा होता, चपला हातात घेऊन. मागे बाजेवर बुढी, तिच्या कोंबड्या आणि दीर-जाऊ. मला वाटलं होतं त्या दिवशी मी भाषण करेन किंवा रडेन. मी फक्त उंबरठ्याच्या आत उभी राहिले आणि दोन्ही हात चौकटीला लावले. लाकूड उन्हाने तापलं होतं. त्या दारातून मी नवरी म्हणून आत गेले होते तेव्हा ते फार मोठं वाटलं होतं. आता मीच ते भरून उभी होते.

नवऱ्याने पाय उचलला. मी हात काढले नाहीत.

"घरचे का पाहुने?" मी विचारलं.

तो फळीवर थांबला. फळी जराशी वाकली. त्याने माझ्याकडे पाहिलं, चौकटीच्या वरच्या टोकाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मजाक त्याला येत नाही हे मी आधी सांगितलं आहे, त्यामुळे तो जे बोलला ते त्याने विचार करूनच म्हटलं असणार.

"आजच्या दिस पाहुनाच धर," तो म्हणाला.

मी बाजूला झाले, त्याला आत घेतलं आणि चहा मांडला.